पेन्सिलीच्या फुल्या

बाबा जाऊन महिना झाला, आणि त्यांनी पाळलेल्या अजगराच्या मादीने सहा अंडी घातली.

दुसऱ्या दिवशी, बिश्केकच्या घरात, मीरिमने थर्माकोलच्या खोक्यात ओलसर भुसा पसरला, तळाशी ऊब देणारी तार लावली.

“तू पोटात होतीस, तेव्हासुद्धा सापाच्या अंड्यांसाठी फिरायचे तेवढे थर्मामीटर घेऊन तुझे वडील फिरले नव्हते,” आई म्हणाली.

“आपा, हसवू नकोस, हात हलतो,” मीरिम आईला म्हणाली.

हात हललाच. अजगराच्या काचेच्या पेटीतून ताटात काढलेली सगळी अंडी गडगडली.

सापाचं अंडं उलटं झालं, तर आतला जीव गुदमरतो. म्हणून बाबा अंडी उचलण्याआधीच वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारायचे. ती नेमकं तेच विसरली होती. बाबांची आठवण म्हणून तर ही अंडीच मागे उरली होती.

तिने एक अंडं उचललं. त्याच्या खालच्या बाजूला पुसटशी फुली होती. दुसऱ्यावरही होती. पाचांवर होती.

“आपा, या फुल्या तू मारल्यास?”

“मी? त्या काचेच्या पेटीला मी बोटसुद्धा लावत नाही.”

मीरिमने पाचही अंडी फुली वर करून भुशात ठेवली. सहाव्यावर एकच तिरकी रेघ होती. तिने ते तळहातावर घेतलं. कवच किंचित दबलं, अगदी हळुवार, आणि पहिलीला छेदत दुसरी रेघ सावकाश उमटू लागली.