जावाला पंडितचा विरोध

“जावा? मी या खुर्चीत बसलोय तोवर तरी नाही!” पंडितने टेबलावर थाप मारली. चहाचे कप नाचले.

विभागप्रमुख बाईंनी आपला कप सावरला. शहराच्या पाणीपुरवठ्याचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं होतं, पुढची वीस वर्षं टिकेल असं. कोणत्या संगणकभाषेत, ते आज बाईंनी ठरवायचं होतं. जुनं होतं कोबोलमध्ये, आणि कोबोल कळणारा ऑफिसात एकच प्राणी, म्हणून त्याचं नाव पंडित. माणूस कंत्राटी, पण रुबाब जावयाचा. दर वेळी कंत्राट संपलं की बाई त्याच्या घरी जाऊन, गयावया करून त्याला परत आणत. त्याची बायको दार उघडायची, पण पाणीसुद्धा विचारायची नाही.

“कोबोलच ठेवा. जावावाले काय, दगड भिरकावला तर त्यांनाच लागेल, इतके पडलेत! एक गेला की दुसरा हजर.”

“बरं.”

“आणि सोपी किती! एकाने लिहिलेलं दुसरा आल्या आल्या वाचतो. मग आम्हाला कुत्रं तरी विचारेल का?”

“हं.”

“आत्ता कसं, सुट्टीवर गेलो तरी फोन मलाच. मेव्हणीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठवलंत! हा मान जावात मिळेल?”

बाईंना हसू आवरेना. कंत्राटी माणूस भाषा रेटतो तेव्हा स्वतःची खुर्ची रेटत असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अख्ख्या शहराचे नळ याच्या मुठीत!

“जावा,” त्या म्हणाल्या. “आणि नव्या लोकांना जुनं सगळं तू समजावून द्यायचंस.”

पंडितचं तोंड एवढंसं झालं.

वर्षभर तो कुरकुरत शिकवत राहिला. नवं सॉफ्टवेअर सुरळीत चाललं, कंत्राट संपलं, आणि पंडित मान खाली घालून निघाला. बाईंना वाईटच वाटलं. तो छत्री विसरला होता. ती घेऊन त्या फाटकापर्यंत धावल्या.

बाहेर गाडी उभी होती. टपावर बॅगा बांधलेल्या. आत त्याची बायको, डोळ्यांवर गॉगल, चक्क हसत होती.

“बाईंना संशय नाही ना आला?”

“छे गं!” पंडितने गाडी सुरू केली. “जावा घ्या म्हटलं असतं, तर दहा वर्षं विचार करत बसल्या असत्या.”