बटण बंद हाय

"शेगडीचं बटण उघडं ठेवलंस व्हय गं? घर पेटवतीस काय माझं?"

आईचा, म्हणजे आक्काचा, आवाज परड्यात आला तेव्हा जोतीराम गाडीच्या बॉनेटखाली वाकला होता. हातात पिवळी नळी. नळीचं एक टोक गाडीच्या एसीला, दुसरं स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीला. ओट्याखालची जादा भरलेली टाकी त्यानं मागच्या दारानं गुपचूप बाहेर आणली होती.

"न्हाय वो आक्का, बंद हाय की. बघा हिकडं येऊन," आत त्याची बायको राजनंदिनी म्हणत होती.

"मग वास काय माझ्या नाकातनं निघतोय?"

जोतीरामनं नळीचं गाडीकडचं टोक सोडवलं. एक हाक मारायची होती फक्त. आई, वास हितनं येतोय, तिला नको बोलूस. त्यानं मारली नाही. घरातल्या प्रत्येक वासाला एक सून ठेवलेलीच असते.

मेकॅनिकनं साफ सांगितलं होतं, "एसीच्या गॅसची गळती आत हाय, कॉइलला. डॅशबोर्ड सोडाय लागंल. गाडी ठेवून जावा." पण बहीण क्रांती आजच कोडोलीला सासरी निघाली होती. सातवा महिना, वर हे ऊन. आणि जोतीराम चारचौघांत बोलून बसला होता, एसी मीच करतो, त्यात काय हाय? मोबाइलवर एकानं घरचा गॅस भरून दाखवला होता. बर्फासारखं गार. जोतीरामनं तेवढंच बघितलं. पुढं तो माणूस काय सांगत होता, ते ऐकायच्या आधीच त्यानं मोबाइल खिशात टाकला.

तसं त्यानं साबणाचा फेस करून बॉनेटखालची एकेक नळी, एकेक सांधा तपासला होता. कुठंच बुडबुडा आला नाही. म्हणजे मेकॅनिक खरं बोलत होता. गळती डॅशबोर्डच्या मागं होती, माणसं बसतात तिथं. हे त्याला कळलं होतं. कळूनच त्यानं टाकी आणली होती.

टाकी परत ओट्याखाली सरकवून, हात पुसून त्यानं गाडी चालू केली.

"दादा! लय भारी की!" क्रांती पुढच्या सीटवर ऐसपैस बसली. हिरव्या साडीत ओटीचं खण-नारळ तसंच होतं. "कोडोलीत सांगते सगळ्यांना, आमचा दादा कंपनीपेक्षा भारी हाय म्हणून."

"काच वर घे गं, गारवा जातोय," आक्का म्हणाली. राजनंदिनी लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मागं बसली. नणंदेला पोचवायला तीही निघाली होती.

आक्का लेकीच्या दारातनं आत वाकली. गाडी सासरी निघाली की डॅशबोर्डवरच्या अंबाबाईपुढं उदबत्ती लावायची, त्याशिवाय चाक हलू द्यायचं नाही, हा तिचा नेम. तिनं उदबत्ती खोचली, काडेपेटी काढली आणि नाक आक्रसलं.

"हितं बी वास?" तिनं मागं बघितलं. "गॅसचाच की. राजनंदिनी, तुझ्या साडीलाच बसलाय बघ. गावभर घेऊन हिंडणार हाईस काय?"

क्रांती हसली. राजनंदिनीनं पदर नाकाशी नेऊन हुंगला. खरंच हुंगला.

आक्कानं काडी ओढायला धरली.

जोतीरामनं झडप घालून काडेपेटी हिसकली. काड्या क्रांतीच्या मांडीवर सांडल्या.

"काय रं हे? देवाचं हाय की!"

सगळ्या त्याच्याकडं बघत होत्या. खरं अगदी दातांपर्यंत आलं होतं. क्रांतीचा हात पोटावर होता.

"हिनं बटण उघडंच ठेवलं असणार," तो म्हणाला. "जा गं, बघून ये आधी."

राजनंदिनीनं त्याच्याकडं बघितलं. लाडवांचा डबा सीटवर ठेवला आणि घरात गेली.

त्यानं गाडीची चारही दारं उघडली. "वास जाऊ दे जरा," म्हणाला. "क्रांती, तू बी उतर, पाय मोकळे कर." एसी बंद करायला मात्र हात गेला नाही. बंद केला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

"बायको तुझी असली," आक्का म्हणाली, "आणि तू तिला बोलत न्हाईस कवा."

आतनं खडखड आवाज आला. फरशीवरनं, मग उंबऱ्यावर आपटून, मग परड्यातल्या दगडांवरनं. राजनंदिनी भरलेली टाकी बुडाच्या कडेवर तिरकी करून फिरवत आणत होती. घामानं भिजली होती. टाकी तिनं आक्कापुढं उभी केली. टाकीच्या तोंडाला पिवळी नळी तशीच अडकली होती, अंगावर काळ्या ग्रीसची पाच बोटं.

"बटण बंद हाय, आक्का," ती म्हणाली. "सकाळधरनं बंदच हाय."

आक्कानं टाकी बघितली. नळी बघितली. बॉनेटवरची तसलीच काळी बोटं बघितली. मग क्रांतीचा दंड धरून तिला गाडीपासनं लांब ओढली.

राजनंदिनी नवऱ्याकडं वळली.

"द्या की आता काडेपेटी आक्कांच्या हातात."

जोतीरामची मूठ उघडली नाही. आत काडेपेटी कधीच चुरगळली होती. गाडीच्या उघड्या दारांतनं गार हवा येऊन त्याच्या घोट्यांना लागत होती.