पालथा हात

हॅनेकर म्हाताऱ्यानं हात पालथा करून पुढे केला आणि माइकवरचं गाइड डेलियाचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. हात तिच्यासाठी नव्हता. बसचालकाची चार वर्षांची नात त्याच्यासमोर तळवा पसरून उभी होती. पोरीनं तो हात धरला, कपाळाला लावला आणि आजोबांच्या सीटमागे पळाली.

"बघितलंस?" हॅनेकर बायकोला म्हणाला. "याला मानो म्हणतात. लहानानं तळवा पुढे करायचा, मोठ्यानं त्यावर हात ठेवायचा. झाला आशीर्वाद. हात नाही ठेवला, तर यांच्यात त्याच्याएवढा अपमान नाही. मला विचार, तीन वर्षं काढलीत इथे."

"सर म्हणजे अर्धे ओलोंगापोचेच," डेलिया म्हणाली आणि तिनं माइक पुन्हा तोंडाशी धरला. "तर मंडळी, या आमच्या शहरात आधी स्पॅनिश आरमार आलं, मग तुमचं, मग जपानी, मग पुन्हा तुम्ही आणि शेवटी ज्वालामुखीची राख. त्यातल्या त्यात राखेनंच आम्हाला लवकर सोडलं."

अकरा म्हातारे अमेरिकन खलाशी आणि त्यांच्या बायका खो खो हसल्या. या वाक्यावर सगळेच हसायचे. आपलं कौतुक चाललंय असंच त्यांना वाटायचं.

एका जहाजावरची ही मंडळी. त्यांची यादी तीन आठवड्यांपूर्वी आली, तेव्हा सातवं नाव डेलियानं तीनदा वाचलं होतं. डेल हॅनेकर. आईकडच्या फोटोमागे हेच नाव होतं. डेलवरूनच आईनं लेकीचं नाव डेलिया ठेवलं होतं.

सकाळी बसमध्ये चढताना त्यानं तिच्या छातीवरची पट्टी वाचली होती. "डेलिया. छान नाव आहे."

"आईनं ठेवलंय, सर. सालुद तिचं नाव. चौऱ्याहत्तर साली तुमच्या आरमारी तळाच्या फाटकासमोरच्या बारमध्ये होती."

हॅनेकरनं टोपी काढली, पुन्हा घातली. "एसी जरा वाढवा," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

आईनं पहाटेच बजावून ठेवलं होतं. "काही मागू नकोस हं पोरी. नाव नको, पैसा नको. फक्त हात माग. बापानं हात ठेवला की माझ्या जिवाला लागलेला घोर सुटला."

"पन्नास वर्षं त्या बोक्याची वाट बघतेस," डेलिया फणकारली होती. पण आरशासमोर उभं राहून तिनं तळवा पुढे करून पाहिला होता, दोनदा.

बस पुलाशी थांबली. सगळे उतरले. रस्त्यापलीकडे आईची गाडी होती, काडीला टोचलेल्या, साखरेत तळलेल्या केळ्यांची. आई कढईपाशी उभी राहून इकडेच बघत होती, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसेल तेवढं.

"हा तो पूल," डेलिया म्हणाली. "खाली गटार वाहतं. आमची पोरं त्यात होड्यांवर उभी राहायची. तुम्ही वरून नाणी फेकायचात. ती झेलायची, नाहीतर बुड्या मारायची."

"काय बुड्या मारायची लेकाची!" एक जण म्हणाला. "त्या घाणीत!"

डेलियानं माइक कमरेला अडकवला. ती हॅनेकरसमोर गेली आणि तिनं तळवा पुढे केला. एकोणपन्नास वर्षांची बाई, त्या चार वर्षांच्या पोरीसारखीच उभी राहिली.

"मानो, सर," ती म्हणाली.

हॅनेकरनं तळव्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. तिचे कान बाहेर आलेले होते, त्याच्यासारखेच. तो बघतच राहिला.

"काय मागतेय ही?" बायकोनं विचारलं.

हॅनेकरनं हात खिशात घातला. "काय मागणार? नाणं," तो म्हणाला. "तेव्हा वरून फेकायचो. आता वय झालं, हातातच देतो."

त्यानं पाच पेसोचं नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. अलगद ठेवलं, बोट लागणार नाही असं. नाणं त्याच्या खिशात गरम झालेलं होतं.

हशा पिकला. हाही सहलीचाच भाग, असं वाटून बाकीचे रांगेत उभे राहिले आणि एकेक नाणं ठेवत गेले. हॅनेकरच्या बायकोनं पर्समधून बाटली काढून नवऱ्याच्या हातांवर जंतुनाशक ओतलं. डेलियाला ते सगळे पुलावरून खाली ढकलून द्यावेसे वाटले. ती प्रत्येकाला "थँक यू, सर" म्हणाली.

मंडळी फोटो काढण्यात गुंतली तेव्हा बाकीची नाणी तिनं बसमधल्या बक्षिशीच्या डब्यात ओतली. पहिलं मुठीतच राहिलं. ती रस्ता ओलांडून गेली.

आईचे डोळे वाहत होते. "दिसलं मला! तू वाकलीस, त्यानं हात दिला. दिला ना गं?"

कढईतली केळी करपत होती.

"दिला," डेलिया म्हणाली.

"कसा होता?"

"ऊबदार."

"आणि तू मेली जन्मभर त्याला बोका म्हणत आलीस!" आईनं पदरासारखा खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला. "आता माफी माग. येत्या रविवारी चर्चमध्ये त्याच्या नावानं मेणबत्ती लाव. त्याला आयुष्य माग. मेणबत्तीपुरते सुटे आहेत ना?"

पुलावरून हॅनेकरनं शिटी वाजवली. बस सुटायची वेळ झाली होती.

"आहेत," डेलिया म्हणाली आणि मूठ न उघडताच परत निघाली.