परिस्थितीत झालेला बदल

"सातपैकी तीन," अध्यक्षबाईंनी गुणपत्रक टेबलावर टाकलं. "फीची मदत चालू ठेवायची तर सातपैकी पाच विषय सुटावे लागतात. मदत बंद झाली तर पुढच्या सत्राची फी कशी भरणार?"

"नाही भरता येणार," मुलगी म्हणाली. "कॉलेज सोडावं लागेल."

"म्हणजे हे अपील शेवटचंच."

टेबलापलीकडे अपील समितीतली तिघं होती: गणित शिकवणाऱ्या अध्यक्षबाई, चष्मा कपाळावर चढवून बसलेले एक सर आणि टिपण घेणारे कारकून. अलीकडे मुलगी आणि तिची आत्या. मुलगी आत्याकडेच राहायची. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून सही आत्याची, म्हणून तिलाही बोलावलं होतं. ठेवणीतले कपडे घालून, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ती बसली होती.

अध्यक्षबाई अर्ज वाचू लागल्या. "'आत्याचे सासरे अर्धांगाने अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना भरवणं, अंग पुसणं, दर दोन तासांनी कुशीवर वळवणं हे माझ्याकडे असतं. त्यामुळे तास बुडाले.'"

आत्याची मान खटकन वळली. "काय गं? हे लिहिलंस तू? मोलकरीण म्हणून ठेवलंय का मी तुला?"

"असं कुठं लिहिलंय, आत्या?"

"मग आणखी काय लिहायचं ठेवलंस? चांगले पांग फेडलेस!" ती टेबलाकडे वळली. "माझ्या भावाची मुलगी आहे, बाई. पोटच्या पोरीसारखी ठेवलीय. मामंजींचं सगळं मी बघते. ही आपली त्यांच्या उशाशी बसून पुस्तक मोठमोठ्यांदा वाचते. एवढंच."

"अर्थशास्त्र वाचून दाखवता त्यांना?" सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग पेपरला त्यांनाच बसवायचं. एखाददुसरा विषय जास्त सुटला असता."

कारकून हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"आजोबांना आवडतं," मुलगी म्हणाली.

"कशावरून? बोलता येतं त्यांना?"

"नाही. पण वाचायची थांबले की माझं बोट दाबतात."

"बोट दाबल्याचा दाखला जोडता येत नाही," सर म्हणाले.

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "हे पाहा. या म्हणतात मी करते, त्या म्हणतात मी करते. डॉक्टरांचा कागद आजारपणाचा आहे. करतं कोण, ते त्यात नाही. पालकच नाही म्हणत असतील, तर कारण खोटं ठरतं. आणि कारण खोटं तर अपील फेटाळलं."

मुलगी आत्याकडे बघत राहिली. आत्या समोरच्या कपाटाकडे.

"आत्या, एकदा खरं सांग ना."

"खरंच सांगतेय. चारचौघांत माझी अब्रू काढताना लाज नाही वाटली, आता कशाला आत्या आत्या?"

अध्यक्षबाई लिहिता लिहिता थांबल्या. "एक रकाना राहिलाच. नोंदीपुरता वाचते. कारण खरं असलं, तरी ते आता उरलेलं नाही हे दाखवावं लागतं. 'परिस्थितीत झालेला बदल.' इथे लिहिलंय, 'मदत चालू राहिल्यास एक तारखेपासून वसतिगृहात राहायला जाणार.'"

"कोण जाणार?" आत्याने विचारलं.

"मी."

"एक तारखेपासून? अगं, परवावर आली की! मला विचारलंस? आणि मामंजींना उचलणार कोण? माझी कंबर ही अशी, मला त्यांचं पांघरूण ओढायला वाकता येत नाही. भरवणार कोण? तुझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास तरी घेतात का ते?"

आत्याला आपण काय बोललो ते जरा उशिराच कळलं. तिचा चेहरा उतरला.

"हे लिहू का?" कारकुनांनी विचारलं.

"शब्द न् शब्द," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आत्या उठली. "मिळाली ना तुझी मदत? जा, सुखाने जा. पण त्यांना तूच सांगायचं. मी नाही सांगणार. त्यांच्या डोळ्यांत बघून सांग, हिंमत असेल तर." दार उघडंच टाकून ती निघून गेली.

मुलगी खुर्चीच्या कडेवर आली. "बाई, मी घरीच राहिले तर? मी दोन्ही करेन. या वेळी नक्की करेन."

"मागच्या वेळीही दोन्हीच केलंत. त्याचेच हे तीन विषय." अध्यक्षबाईंचा आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही. "कारण राहिलं तर मदत राहत नाही. काय ते आत्ता सांगा. बाहेर अकरा जण बसलेत."

मुलीने उघड्या दाराकडे पाहिलं. मग हातांकडे. सरांनी खाकरून घड्याळ पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "जाते मी."

कारकुनांनी अर्ज पुढ्यात ओढला. कारणाच्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात आजोबांचं पूर्ण नाव, वय आणि आजार लिहिलेला होता. त्यांनी ड्रॉवर धुंडाळून एक शिक्का काढला, पॅडवर दोनदा दाबला आणि बरोबर त्या नावावर मारला. 'कारण निकाली.'

"इथे खाली सही करा," ते म्हणाले. "वर हात लावू नका, ओलं आहे."