बावीस मैल

“पाटी डोक्यावर दिसली तर मी सुटणार, वैनी. खाली ठेवलेली दिसली की ब्रेक.”

रामनाथनं हे सांगितलं त्याला वर्ष होत आलं. अंजनाबाईनं ते एक दिवस मोडलं नव्हतं. दीर मालाडहून मासळीची लॉरी घेऊन निघे, बर्फ वितळायच्या आत त्याला शहरातला बाजार गाठायचा असे. आणि जोगेश्वरीपाशी, घोडबंदर रस्त्यावर, पोलिसांनी चुन्याचे दोन पट्टे ओढले होते. लॉरी पहिल्या पट्ट्यावर आली की तिथला शिपाई रुमाल हलवी. दुसऱ्याशी, चिंचेच्या आडोशाला, बळवंत हवालदार घड्याळ घेऊन उभा असे. लॉरी ताशी तीस मैलांच्या वर गेली की नंबर लिहिला जाई. अंजनाबाई पट्ट्यांच्या अलीकडे मासळी विकायला बसे.

सोमवारी सकाळी तिनं पाटी खाली ठेवली. रामनाथ हळू झाला. पट्टे ओलांडले, आणि गेलेला वेळ भरून काढायला त्यानं लॉरी दामटली. पन्नास पावलांवर, शाळेसमोर, नीला रस्त्यात उतरली होती. नऊ वर्षांची.

आज गुरुवार. दहा वाजता अंधेरीच्या चौकीवर अंजनाबाईची जबानी होती.

आठ वाजताच अंजनाबाईच्या पाटीशी नीलाची आई जयंती आली. ती दर बुधवारी अंजनाबाईकडून बोंबील घ्यायची. आज हातात पिशवी नव्हती. घरात सुतक होतं. ती कुणाला न सांगता आली असावी.

“अंजनाबाई, एकच विचारायचंय. ती पळाली होती का?”

“नाय बाय. पळाली नाय. चालत गेली, दप्तर सावरत.”

“बळवंत हवालदार शाळेत येऊन शिकवून गेले होते. फळ्यावर मोटार काढून. आधी उजवीकडे बघायचं, गाडी लांब आणि हळू असली तरच निघायचं. वडील ऑफिसला निघाले की नीला त्यांना रोज दारात अडवायची, विचारायची, सांगा, पहिलं कुठं बघायचं?” जयंती पाटीजवळ खाली बसली. “पोलिसांच्या कागदावर ‘मुलगी धावत आली’ असं लिहिलंय. तिचे काका वाचून आले. घरात सगळे म्हणतात, अवखळच होती. लॉरी म्हणे बावीस मैलांनी होती. घड्याळात.”

“घड्याळात होती.”

जयंतीला कळलं नाही. अंजनाबाईनं मान वर न करता सांगितलं, “पोलीस हायत हे मी लॉरीला खुणेनं कळवते. सोमवारी पण कळवलं. म्हणून हळू झाली. तुझ्या लेकीनं बघितली तेव्हा हळूच होती. मग सुटली.”

मासळीवर माश्या बसल्या. दोघींपैकी कुणी त्या हाकलल्या नाहीत.

“हे चौकीवर सांगाल?”

“सांगते.”

“कुणी अडवलं तरी?”

“सांगते म्हटलं ना, बाय.”

जयंती उठली आणि आली तशी कडेकडेनं परत गेली.

नऊच्या सुमाराला रामनाथची लॉरी येऊन थांबली. चौकीवरून ती कालच सोडली होती.

“वैनी, दहाचं ध्यानात हाय ना? त्या हवालदाराच्या घड्याळाला नारळ वाहायला पाहिजे. बावीस मैल! त्याच्याच हातानं लिहिलंय. तू फक्त म्हण, पोरगी धावत आली. खलास.”

शेजारी कमळ कोलीम, बारीक मासळी, विकत होती. ती म्हणाली, “नारळ त्या पोरीला वाहा रं, मेल्या.”

“तू गप गो.” तो अंजनाबाईजवळ उकिडवा बसला. आवाज खाली आला. “दादा गेल्यापासून तुझी दोन पोरं कुणाच्या लॉरीवर जेवतात? माझं लायसन गेलं तर सगळ्यांचीच वाट लागली.”

“ठाऊक हाय मला.”

“मग झालं तर. चल, बस लॉरीत. मला पण तिकडंच जायचंय. तीन मिनिटांत पोचवतो.”

“तू हो पुढं. मी चालत येते.”

“दोन मैल हाय, वैनी! उन्हाची कुठं चालतेस?”

“असू दे.”

तो लॉरीत चढला आणि गेला.

अंजनाबाईनं कोयता धुतला. उरलेली मासळी कमळच्या हवाली केली. कमळनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अंजनाबाईनं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला आणि अंधेरीच्या दिशेनं निघाली.

शाळेसमोर रस्त्यावर कुणीतरी माती टाकली होती. मोटारी तिच्यावरून जात होत्या. अंजनाबाई वळसा घालून पुढं गेली.