शेजारी कोण बसणार?

टॅम्सिनने गाडी शिकायचं नाव काढलं की तिचे वडील जेगो एकच सांगायचे, "माझ्या विम्यावर नाही. तू कुठे ठोकलीस, तर नऊ वर्षं अपघात न केल्याची माझी हप्त्यातली सवलत पाण्यात." गुडघा दुखतो म्हणून दोन महिने ते स्वतःही गाडीला शिवले नव्हते, पण नकार कायम होता.

शेवटी सतरा वर्षांच्या टॅम्सिनने पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजलेल्या करंज्यांच्या, दुकानातल्या पगारातून शिकाऊंसाठीचा महिन्याभराचा वेगळा विमा स्वतःच्या नावावर काढला. गाडीला पुढे-मागे लाल 'एल'च्या पाट्या लावल्या आणि फोनवरची पॉलिसी वडिलांसमोर धरली.

"ठोकली तरी तुझ्या सवलतीला धक्का नाही, बाबा. चल, बस शेजारी."

"मी नाही बसणार."

"आता काय अडतंय?"

जेगोंनी गाडीची चावी तिच्याकडे सरकवली. "शेजारी बसणाऱ्याकडे परवाना लागतो, बाळा. माझा काढून घेतलाय. पबमधून येताना पोलिसांनी पकडलं." मग घाईघाईने म्हणाले, "गावात कुणाला कळता कामा नये."

"दोन महिने लपवलंस, तेवढं पुरे झालं," टॅम्सिन म्हणाली. रस्त्यावर उभी राहून तिने समोरच्या घराकडे मोठ्याने हाक मारली, "मॉर्वेना आत्या! माझ्या शेजारी बसायला येतेस? बाबा मागे बसणार आहे."

आजूबाजूच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. जेगो दारातच थबकले. मग त्या खिडक्यांच्या देखत चालत गेले, आणि गाडीचं मागचं दार त्यांनी स्वतःच उघडलं.