घरी कोण कोण आहे

“ठप्प!” निहार ओरडला आणि चारकोपच्या त्या टायपिंग क्लासमधली सगळी पोरं खिदळली.

हसू येण्यासारखंच होतं म्हणा. बाकीच्या कॉम्प्युटरवर सुट्टीतली सात-आठ शाळकरी पोरं आणि शेवटच्यावर चोपन्न वर्षांचे धोंडिराम. तीस वर्षं सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून टपालावर शिक्के मारले. आता की-बोर्डवरही बोट वीतभर वर जायचं आणि शिक्क्यासारखं दाणकन खाली यायचं. महिनाभरात परीक्षा होती. पास झाले तर क्लार्क, नाहीतर शिपाई म्हणूनच रिटायर.

शिकवणारी संघमित्रा त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. “काका, मारायचं नाही. नुसतं टेकवायचं. मनगट सैल सोडा.”

“हो, मॅडम,” धोंडिराम म्हणाले.

हे बाप-लेक सकाळी एकाच ताटातली चपाती खाऊन निघाले होते. ती रिक्षाने पुढे आली, ते दहा मिनिटं मागून चालत. बेत तिचाच. इथे कामाला लागताना तिने क्लासच्या मालकीणबाईंना, सुहासिनी मॅडमना, ‘माझे बाबा हेड क्लार्क आहेत’ अशी थाप मारली होती. त्यांनी धड विचारलंही नव्हतं. पण परीक्षेचा फॉर्म क्लासमधूनच भरावा लागतो आणि चालत जाण्याजोगा क्लास हा एकच, तेव्हा ती घरी म्हणाली, “या, पण तिथे ओळख दाखवू नका.” त्यावर धोंडिराम एवढंच म्हणाले, “बरं.” चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला त्या दिवसापासून वाटत होतं.

पहिल्याच दिवशी छोट्या स्वरदाचे पाय खुर्चीवरून लोंबकळताना बघून त्यांनी रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधला आणि तिच्या पायांखाली सरकवला. गाठ पक्की, ऑफिसातल्या फायलीला मारतात तशी. आता सगळ्या पोरांच्या पायांखाली तसे गठ्ठे होते आणि पाठी ताठ झाल्या होत्या. सुहासिनी मॅडम खूश. “कुठून आला गं हा माणूस?” त्यांनी विचारलं होतं. “बोर्ड बघून आले असतील,” असं संघमित्रा म्हणाली होती. सख्ख्या बापाबद्दल.

आज पाच मिनिटांचा सराव होता. तिने फळ्यावर लिहिलं : ‘तुमचं नाव आणि घरी कोण कोण आहे.’ टेबलावरचं घड्याळ लावलं आणि पोरं तुटून पडली. मग तिने फळ्यावरचं पुन्हा वाचलं. दुसरं काही सुचलं नाही का आपल्याला?

शेवटच्या कॉम्प्युटरवरून ‘ठप्प’ ऐकू येईना. धोंडिराम सावकाश, आवाज न करता टाईप करत होते. अगदी तिने शिकवलं होतं तसं.

स्वरदाने मान लांब करून त्यांचा स्क्रीन मोठ्याने वाचला. “माझे नाव धोंडिराम. घरी पत्नी प्रेमा. मुलगा मिथुन.” मग ती म्हणाली, “बस? आमच्याकडे तर सात जण आहेत!”

दारात उभ्या असलेल्या सुहासिनी मॅडम हसल्या. “मुलगी नाही का हो तुम्हाला?”

संघमित्राच्या हातातला खडू तुटला. धोंडिरामांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

“टाईप करताना बोलायचं नाही, असं मॅडमनी सांगितलंय,” ते म्हणाले.

पोरं पुन्हा हसली, सुहासिनी मॅडमही हसल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. संघमित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाने तिची थाप सांभाळली होती, तीसुद्धा इतक्या लोकांसमोर, स्वतःच्या लेकीला घरातून वगळून. ती त्यांच्या खुर्चीपाशी गेली. स्क्रीनवर तिसऱ्या नावापुढची रेघ लुकलुकत होती. बाबा म्हणायचं, एवढंच होतं. तिने तोंड उघडलं.

“काका,” ती म्हणाली, “एक नाव राहिलंय.”

टेबलावरचं घड्याळ वाजलं. धोंडिरामांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

“राहू दे. वेळ संपली, मॅडम.”